गॅस गिझर बसवताना आधी हवा, मग पाणी, आणि गॅस सगळ्यात शेवटी

बहुतेक घरांत गॅस गिझर कसा बसतो, तर बॉक्स उघडला, प्लंबरला फोन केला, बाथरूममध्ये शॉवरशेजारी भिंतीला दोन होल मारले, सिलिंडरची नळी जोडली आणि अर्ध्या तासात आंघोळ सुरू. गरम पाणी आलं म्हणजे काम बरोबर झालं असं सगळे धरून चालतात. पण हा क्रमच उलटा आहे, आणि दर हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये कोणीतरी बेशुद्ध सापडल्याच्या ज्या बातम्या येतात त्या याच उलट्या क्रमातून येतात. म्हणून एकेक टप्पा नीट लिहितोय. कुठलं काम घरी करता येतं आणि कुठल्या कामाला फिटरच लागतो, तेही जिथल्या तिथे सांगतो.

१. हवेचा हिशोब

बॉक्सवर ६ लिटर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आत ६ लिटर पाणी मावतं असा नाही. हा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. एवढी उष्णता द्यायला फुल ज्योतीवर त्याला तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी लागतो, म्हणजे शेगडीचे तीन-चार मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं झालं. आता एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते, आणि चार बाय सहा फुटाचं आठ फूट उंच बाथरूम घेतलं तर त्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा, त्यातलीच तुम्हालाही श्वासाला हवी. दार-खिडकी बंद असेल तर हिशोब कुठे जातो ते तुम्हीच बघा.

ऑक्सिजन कमी पडायला लागला की ज्योत विझत नाही, अर्धवट जळत राहते, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो त्यामुळे गळती कळते, पण जळाल्यानंतर जो वायू होतो त्याला काहीच वास नसतो, त्यामुळे "वास आला असता तर कळलं असतं" हे इथे चालत नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं त्राण जातं, आणि हे लक्षात येईपर्यंत कडी काढायलाही हात उठत नाही.

म्हणून पहिला आणि न बदलणारा नियम: गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येईल.

यावर लोक जी उत्तरं देतात ती पण बघू. "वर छोटी खिडकी आहे" म्हणतात, पण थंडीत तीच खिडकी पहिली बंद होते, काचपट्ट्यांमध्ये पुठ्ठा नाहीतर पेपर कोंबलेली किती घरं दाखवू. "एक्झॉस्ट फॅन आहे" म्हणतात, पण हवा आत यायला वाटच नसेल तर फॅन ओढणार काय, आणि लाइट गेली की तोही बंद, गिझर मात्र सेलवर चालूच. "ऑटो कट आहे" म्हणतात. बऱ्याच मॉडेलमध्ये २० मिनिटांनी बंद होणारा टायमर असतो खरा, पण तो वेळ मोजतो, हवा मोजत नाही. लहान बाथरूममध्ये त्याच्या आधीच त्रास सुरू होऊ शकतो, आणि एकाची आंघोळ झाली की लगेच दुसरा आत जातो तेव्हा टायमर शून्यापासून सुरू होतो, हवा मात्र आधीचीच असते.

२. जागा ठरवणं

ड्राय बाल्कनी सगळ्यात चांगली, नाहीतर उघडी गॅलरी, किंवा बाथरूमच्या मागची बाहेरची भिंत. गावाकडे पडवी किंवा अंगणाकडची भिंत. जागा बघताना एवढं तपासा:

ती जागा खरंच उघडी आहे का? ड्राय बाल्कनीला स्लाइडिंग काचा लावून घेतल्या असतील तर ती आता एक खोलीच झाली. तिथे गिझर लावायचा तर ग्रिलचा एक मोठा भाग कायमचा उघडा पाहिजे, "आंघोळीच्या वेळी काच सरकवू" असं नको, कारण एक दिवस विसरणारच.

चारी बाजूंनी बंद डक्टमध्ये गिझर लावू नका. तिथे जळालेली हवा साठते आणि वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्यांतून आत शिरते.

गिझरच्या वर प्लास्टिकचं पत्र्यासारखं छप्पर, कपडे वाळत घालायची दोरी, वायरिंग यातलं काही नको. वर दोन फूट तरी मोकळं ठेवा, वरच्या जाळीतून निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. शेगडीच्या वर किंवा इलेक्ट्रिक बोर्डाला चिकटून तर अजिबातच नको.

वारा सरळ तोंडावर येत असेल तर ज्योत विझते, पावसाची झड लागली तर सर्किट खराब होतं. बाजूला पत्र्याची आडोशाची पट्टी लावली तर चालेल. पण दिसायला बरं म्हणून गिझरभोवती पीव्हीसीचं कपाट करून घेतात ते फार चुकीचं, त्याने बाहेर लावलेला गिझर परत बंद जागेत गेला.

थांबा: अशी एकही जागा घरात नसेल तर गॅस गिझर घेऊ नका. इलेक्ट्रिक घ्या, सोलर घ्या, पातेल्यात तापवा. आत बसवायचाच अशा हट्टाने पुढचे टप्पे वाचत बसण्यात अर्थ नाही.

३. विकत घेताना

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, आयएसआय मार्क. एलपीजीवर चालणाऱ्या या छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे, ते बॉडीवरच्या पट्टीवर छापलेलं दिसलं पाहिजे.

दुसरी, एलपीजी (सिलिंडरचा गॅस) की पीएनजी (पाइप गॅस). यात खूप जण फसतात. घरगुती एलपीजी रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबारने येतो, पाइप गॅस २१ मिलिबारच्या आसपास, आणि दोघांचे नोझल वेगळे. एलपीजीचा गिझर पीएनजीवर लावला तर ज्योत मरतुकडी येते. उलटं केलं, म्हणजे पीएनजीचा एलपीजीवर, तर मोठी पिवळी धुरकट ज्योत, आणि ते धोक्याचं. पाइप गॅस आलाय म्हणून जुनाच गिझर जोडून टाकू नका. नोझलचा किट कंपनीकडे मिळत असेल तर त्यांच्याच माणसाकडून बदलून घ्या.

तिसरी, पाण्याचं किमान प्रेशर. लेबलवर मेगापास्कलमध्ये दिलेलं असतं, ०.१ म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचं पाणी. लेबलवर ०.०२५ असेल तर टाकी गिझरच्या किमान अडीच मीटर वर हवी, आणि पाइपातलं नुकसान धरून थोडी जास्तच. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हाच त्रास होतो, गिझर पेटतच नाही आणि शिव्या खातो मेकॅनिक. आधी बादलीने मोजा: नळ पूर्ण सोडून एक मिनिटात किती लिटर येतं. तीन लिटरही येत नसेल तर प्रेशर पंपाशिवाय जमणार नाही.

४. सामान आणि भिंत

गिझर आणायच्या आधी हे तयार ठेवा: गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप (साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याने वाकतो, हळूहळू जोड सुटतात), दोन अर्धा इंची स्टीलच्या जाळीचे कनेक्शन पाइप, थंड पाण्याच्या लाइनवर एक स्वतंत्र कॉक, रबर वॉशर, टेफ्लॉन, अँकर बोल्ट, दोन मोठे सेल. थंड पाण्याचा कॉक वाचवू नका, पुढे जाळी साफ करताना त्याच्याशिवाय अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागतं.

उंची अशी ठेवा की ज्योत बघायची काच तुमच्या डोळ्यांसमोर येईल. बरेच जण खूप वर लावतात, मग वर्षानुवर्षं कोणी ज्योत बघतच नाही.

५. आधी फक्त पाणी

गिझर टांगला, आता गॅस जोडायचा नाही, सेलही टाकायचे नाहीत.

कुठलं तोंड थंड आणि कुठलं गरम हे मॉडेलप्रमाणे बदलतं, बॉडीवरचं चिन्ह बघून जोडा. उलटं जोडलं तर पाणी येतं, पण गिझर कधीच पेटत नाही. थंड पाणी जिथून आत शिरतं तिथे बारीक जाळी असते, ती जागेवर आहे ना बघा, प्लंबर कधीकधी "प्रेशर वाढेल" म्हणून काढून टाकतो. नवीन पाइपिंग असेल तर गिझर जोडायच्या आधी लाइन बादलीत मोकळी सोडा, सीपीव्हीसीचा कीस आणि वाळू आत गेली तर पहिल्याच दिवशी जाळी बंद.

गिझरला सीपीव्हीसी थेट जोडू नका, मध्ये जाळीचा पाइप घ्या. नट आधी हाताने, मग पान्याने थोडासा. जास्त आवळलं की वॉशर चिरतो आणि लोक अजून आवळतात.

चेक: बाथरूममधला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा, पाणी सलग येतंय ना बघा, मग नळ बंद करून अर्धा तास जोडांवर कोरडा टिश्यू धरून फिरवा. एक थेंब जरी दिसला तरी पुढे जायचं नाही.

६. गॅस जोडणं

पाइप गॅस असेल तर हे काम तुमचं नाही आणि ओळखीच्या प्लंबरचंही नाही. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल, जी काही तुमची कंपनी असेल तिला कळवून तिच्या अधिकृत माणसाकडूनच पॉइंट काढून घ्या. सिलिंडर असेल तरी जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्या, आणि तो करत असताना तुम्ही समोर उभे राहून हे बघा:

नळी आयएसआयची, स्टील वायर असलेली सुरक्षा नळी, दीड मीटरपर्यंतच. त्याहून लांब जायचं तर धातूचा पाइप टाकायचा, दोन नळ्या जोडून लांबवायची नाही. भिंतीतून नळी आरपार नेऊन वर सिमेंट भरणं हा प्रकार खूप दिसतो, आत ती कुजली तर कोणाला दिसणार. शेगडीच्या नळीला टी मारून गिझर जोडणं हेही सर्रास चालतं आणि तेवढंच चूक. दोन्ही टोकांना क्लॅम्प हवेत. रेग्युलेटर घरगुतीच, हॉटेलवाला हाय प्रेशर कधीच नाही.

सिलिंडर उभा, गिझरच्या खाली नाही, बाथरूममध्ये तर नाहीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर पसरतो आणि नहाणी ट्रॅपसारख्या खोलगट जागेत साठतो. पाइप गॅस हलका, तो छताकडे जातो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर गिझर चालवू नका, एवढा गॅस तो भरभर देऊ शकत नाही, बाहेरून दव धरतं, प्रेशर पडतं आणि ज्योत लहान-मोठी होत राहते.

आता गळतीची तपासणी, ही मेकॅनिकने केली असली तरी तुम्ही परत करा. वाटीत पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घालून फेस करा, गॅस सुरू करा पण गिझर पेटवू नका, आणि ब्रशने प्रत्येक जोडावर फेस लावा: रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, गिझरचं तोंड. मग घाई न करता मिनिटभर बघत राहा. मोठी गळती लगेच फसफसते, पण बारीक गळतीत आधी काहीच दिसत नाही, मग एकाच जागी मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो, परत तिथेच येतो. तीच गळती. काडी पेटवून कधीही बघायचं नाही.

थांबा: वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, लाइटचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा एलपीजीचा इमर्जन्सी नंबर आहे. पाइप गॅसवाल्यांनी मीटरजवळचा कॉक बंद करावा आणि आपल्या कंपनीचा नंबर आधीच मोबाइलमध्ये ठेवावा.

७. पहिल्यांदा पेटवणं

सेल आता टाका, अधिक-उणे बघून. गॅसचा नॉब मध्यावर ठेवा, पाण्याचा पूर्ण उघडा, आणि एकाने गिझरसमोर उभं राहून दुसऱ्याला नळ सोडायला सांगा. टकटकटक आवाज येईल आणि ज्योत पेटेल. पहिल्यांदा नळीत हवा असते त्यामुळे नाही पेटणार, नळ बंद करून एक-दोन मिनिटं थांबा आणि परत करा. न थांबता पटापट प्रयत्न केले की आत गॅस साठतो आणि मग भप्पकन पेटतो, समोर तोंड नेऊन बघणाऱ्याच्या भुवया जातात.

पेटल्यावर ज्योत नीट बघा. निळी, टोकदार, सगळ्या ओळींत सारखी, आवाज एकसुरी. मध्येच एखादी केशरी ठिणगी उडाली तर ती धूळ, काळजी नको. पण टोकं मऊ, पिवळी आणि हलणारी असतील, वर पत्र्याला काळं धरत असेल, तर बंद करा, गॅस बंद करा, आणि मेकॅनिक येईपर्यंत वापरू नका. पिवळी ज्योत म्हणजे नीट जळत नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

चेक: नळ बंद केल्यावर ज्योत लगेच गेली पाहिजे. दोन-तीनदा करून बघा.

८. रोज वापरताना

गिझर फुल ठेवून त्यात खूप थंड पाणी मिसळायची सवय असते. त्याने गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, तो विझतो, आंघोळ करणारा ओरडतो. त्यापेक्षा नॉब उन्हाळ्याच्या खुणेवर घ्या (त्याने अर्धाच बर्नर पेटतो), गॅस कमी करा, थंड पाणी थोडंच मिसळा. लहान मुलांना आधी बादलीत पाणी काढून हात घालून बघितल्याशिवाय नाही. आणि हे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला वापरू नका. रात्री आणि बाहेरगावी जाताना रेग्युलेटर बंद. लांब जाणार असाल तर सेलही काढा, ते फुटून पांढरी पूड संपर्काच्या पट्ट्या खाते.

९. बिघडला तर या क्रमाने बघा

नळ सोडल्यावर टकटक येतेच नाही: आधी सेल, दोन्ही एकदम नवीन. मग पाण्याचं प्रेशर, मग जाळी. कॉक बंद करून नट सोडा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. निम्मे बिघाड इथेच संपतात. तरीही नाही तर आतला रबरी डायफ्रॅम किंवा मायक्रोस्विच, ते मेकॅनिकचं काम.

टकटक येते पण पेटत नाही: सिलिंडर संपला का, कॉक उघडा आहे का. सेल अर्धमेले असले तरी ठिणगी पडते पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही, त्यामुळे "सेल चांगले आहेत, आवाज येतोय की" यावर जाऊ नका.

पेटून लगेच विझतो: बर्नरजवळ दोन पिना असतात, एक ठिणगीची, एक ज्योत ओळखणारी. दुसरीवर काजळी आली की गिझरला वाटतं ज्योत नाहीच. गॅस बंद, सेल काढलेले, गिझर गार, आणि मग पिनेवरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. पिन वाकवू नका.

पाणी पुरेसं तापत नाही: बोअरच्या पाण्याचे क्षार, किंवा वरच्या पत्र्यांत काजळी. दोन्ही खालच्या टप्प्यात.

थांबा: नळ बंद केला तरी ज्योत चालूच राहिली तर लगेच रेग्युलेटर बंद. आतली पिन अडकली किंवा डायफ्रॅम गेला. आतलं पाणी उकळून वाफ होते, कॉइल फुटू शकते. "नळ परत सोडून बंद केला की जाते" म्हणून कोणी चालवत असेल तर त्याला चालवू देऊ नका.

१०. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी

थंडी सुरू व्हायच्या आधी मेकॅनिक बोलवा, नंतर तो मिळत नाही. कव्हर उघडून वरच्या तांब्याच्या पत्र्यांतली काजळी, बर्नरच्या फटींतली धूळ आणि कोळ्याची जाळी ब्रशने काढायला सांगा. फक्त बाहेरून पुसून पैसे घेऊन जातात, तर समोर उभं राहा.

पाणी जड असेल तर कॉइल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने साफ करून घ्या. काही जण बाथरूम धुवायचं ॲसिड ओततात, ते तांबं आणि जोड खातं आणि महिन्याभरात गळती सुरू. नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला, वरून चांगली दिसत असली तरी. साफसफाईनंतर फेसाची तपासणी आणि ज्योतीची तपासणी परत, न चुकता.

घरात डिटेक्टर लावणार असाल तर बघून घ्या. एलपीजीचा डिटेक्टर फक्त गळती ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो.

११. आत गिझर असलेल्या घरात राहत असाल तर

भाड्याचं घर आहे, पीजी आहे, मालक ऐकत नाही, असं असेल तर बाहेर हलवेपर्यंत एवढंच करा: दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं हवा जाऊ द्यायची, मग आंघोळ. गिझर चालू असताना आत थांबायचं नाही. आणि एकामागे एक सगळ्यांनी बादल्या भरायच्या नाहीत.

कोणी आत पडलं तर दार तोडा, आधी दार-खिडकी उघडून हवा मोकळी करा, गॅस बंद करा, माणसाला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल आणि तुम्हाला येत असेल तर सीपीआर सुरू करा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की गॅस गिझर चालू होता. हे न सांगितल्यामुळे कधी चक्कर, कधी फिट आली म्हणून भलतेच उपचार सुरू होतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत असेल तरी विश्वास ठेवू नका, त्या यंत्राला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरक कळत नाही. रक्ताची तपासणी वेगळी असते, ती करायला सांगा, आणि त्याच वेळी घरात दुसरं कोणाचं डोकं दुखतंय का तेही विचारा.